वजा चिन्ह आणि कूलर

"तर मग क्वांटम कम्प्युटिंग कोण घेतंय?" ढाबेकर मॅडमनी विचारलं, आणि आम्ही भौतिकशास्त्र विभागातले सगळे एकदम छताकडे पाहू लागलो.

छताला पंखा होता. तो फिरत होता आणि वारा येत नव्हता, म्हणजे सगळं नेहमीसारखं होतं. ढाबेकर मॅडम आमच्या प्राचार्य. त्यांच्या हातात विद्यापीठाचं पत्र होतं, आणि पुढच्या जूनपासून तिसऱ्या वर्षाला हा नवा विषय सुरू करावा असं त्यात म्हटलं होतं. कोणी शिकवावा हे म्हटलं नव्हतं.

"मानकर सर, तुम्ही?"

"मॅडम, माझ्याकडे प्रकाशशास्त्र आहे," मी म्हणालो. माझ्याकडे अंथरुणाला खिळलेली आई आहे असं लोक ज्या आवाजात सांगतात, त्या आवाजात.

आमच्या कॉलेजात नवीन विषय वाटायची एक पद्धत होती. ती कुठे लिहिलेली नव्हती, त्यामुळे काटेकोर पाळली जायची. जो बैठकीला गैरहजर, विषय त्याचा. केमिस्ट्रीच्या बोबडेंना पर्यावरणशास्त्र मिळालं ते हर्नियाच्या ऑपरेशनमुळे. ते शुद्धीवर आले तेव्हा उशाशी अभ्यासक्रम होता. म्हणून मी नोकरीला लागल्यापासून एकही बैठक चुकवलेली नाही. टायफॉइडमध्येसुद्धा मफलर बांधून येऊन बसलो आहे.

"भुईभार दिसत नाहीत," आमचे विभागप्रमुख सराफ सर म्हणाले. त्यांच्या आवाजात सुटकेचा निःश्वास होता.

"परतवाड्याला गेले जी. मेहुणीचं साक्षगंध आहे," कोणीतरी साखरपुड्याचं कारण पुरवलं.

"मग झालं तर," मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी नाव लिहिलं. आम्ही सर्वांनी एकमताने भुईभारबद्दल हळहळ व्यक्त केली आणि समोसे खाल्ले.

दुसऱ्या दिवशी स्कूटर स्टँडवर भुईभारने मला गाठलं.

"काऊन बे मानकर, तू तिथं बसला होतास ना? तोंडातून एक शब्द काढला नाहीस?"

"तूच नव्हतास तर मी काय बोलणार?"

"क्वांटम म्हणजे काय हे तरी सांग. एम.एस्सी.ला पेपर होता आपल्याला. मी तो ऑप्शनला टाकला होता."

"मीपण," मी म्हणालो, आणि आम्ही दोघंही हसलो. त्यानंतर बराच काळ आम्ही दोघं मिळून हसलो नाही.

सुधीर भुईभार आणि मी एकाच दिवशी नोकरीला लागलो. मी मध्यान्हपूर्व रुजू झालो, तो मध्यान्हानंतर, कारण त्याची मूर्तिजापूरची बस चुकली. त्यामुळे सेवाज्येष्ठतेत मी त्याच्यापेक्षा अर्ध्या दिवसाने वरचा. पुढच्या मे महिन्यात सराफ सर निवृत्त होणार होते आणि विभागप्रमुखाची खुर्ची रिकामी होणार होती. ज्यांनी अकोल्याचा उन्हाळा पाहिलेला नाही त्यांना या वाक्याचं गांभीर्य कळणार नाही. खुर्चीत काही नव्हतं. केबिनमध्ये कूलर होता. अख्ख्या विभागातला एकुलता एक, वाळ्याच्या ताट्या लावलेला. एप्रिलमध्ये आम्ही सराफ सरांकडे नसलेल्या शंका घेऊन जायचो आणि सावकाश समजून घ्यायचो. त्या अर्ध्या दिवसाच्या जोरावर तो कूलर माझा होणार, हे मी, माझी बायको शालिनी आणि बहुधा तो कूलरही, सगळे धरून चाललो होतो.

भुईभारला प्रशिक्षणासाठी पुण्याला पाठवलं. आठवड्याने तो परत आला तेव्हा त्याच्या पाठीवर एक बॅग होती. निळी, भरपूर चेनची, मागे पांढऱ्या अक्षरांत 'क्वांटम' लिहिलेली. आत काय होतं? जेवणाचा डबा आणि छत्री. पण ती बॅग घालून तो कॉरिडॉरमधून चालायला लागला की पोरं बाजूला होऊन वाट द्यायची. पंचवीस वर्षं मी त्याच कॉरिडॉरमधून रेक्झिनची पिशवी घेऊन चाललो. मला फक्त एकदा वाट मिळाली होती, हातात ॲसिडची बाटली होती तेव्हा.

मग स्थानिक पेपरात त्याचा फोटो आला. मग व्यापारी मंडळाने बोलावलं. मग एका कोचिंग क्लासच्या उद्घाटनाला त्याच्या हस्ते नारळ फुटला. सगळीकडे तो एकच करायचा. खिशातून नाणं काढून टेबलावर गरकन फिरवायचा आणि म्हणायचा, "सांगा, छापा की काटा? फिरतंय तोवर दोन्ही! साधा कम्प्युटर म्हणजे पडलेलं नाणं. क्वांटम कम्प्युटर म्हणजे फिरतं नाणं!" मग नाण्यावर थाप मारायचा. लोक श्वास रोखायचे. कापसाचे व्यापारी श्वास रोखायचे, ज्यांचा श्वास भाव पडल्यावरसुद्धा अडत नाही.

तोपर्यंत मी सहन केलं. पण महिला मंडळात त्याचं भाषण झालं त्या संध्याकाळी मी घरी आलो, तर शालिनी ओट्यावर नाणं फिरवत होती.

"अहो, बघा. फिरतंय तोवर दोन्ही!"

"भाजी करपतेय."

"भुईभार भाऊजींनी इतकं सोपं करून सांगितलं. नाही तर तुम्ही. इतकी वर्षं फिजिक्स शिकवता, मला कधी काही सांगितलंत?"

"तू कधी विचारलंस?"

"त्यांनाही मी विचारलं नव्हतं."

मी जेवलो. भाजी खरोखर करपली होती, आणि ते मी दोनदा सांगितलं.

त्याच आठवड्यात सराफ सरांनी मला जवळ बसवून, कूलरचा आवाज मोठा असल्यामुळे जरा ओरडूनच गुपित सांगितलं, "मानकर, मॅडमचा कल भुईभारकडे दिसतो. म्हणतात, विभागाला चेहरा मिळाला."

"आणि अर्धा दिवस?"

"कोणता अर्धा दिवस?" सराफ सर म्हणाले. तेव्हा मला परिस्थितीची कल्पना आली.

मी ठरवलं, क्वांटम कम्प्युटिंग शिकायचं. ज्ञानासाठी वगैरे नाही. भुईभारला त्यातलं काही येत नाही अशी मला खात्री होती. पण ते सिद्ध करायचं तर आधी आपल्याला थोडं यायला हवं होतं, ही मोठी अडचण होती.

इंटरनेटवर नवशिक्यांसाठी एक फुकट कोर्स होता. घरी करणं शक्य नव्हतं, शालिनीने "भाऊजींना विचारा ना" म्हटलं असतं. म्हणून मी प्रयोगशाळेला लागून असलेल्या अंधाऱ्या खोलीत बसू लागलो. काळे पडदे लावलेली ती खोली, जिथे पोरं सोडियमच्या पिवळ्या दिव्याखाली प्रकाशाचे प्रयोग करतात. दुपारी तिथे कोणी येत नसे, कारण आत भट्टी पेटल्यासारखं होई. एका बाजूला सूक्ष्मदर्शकाखाली काचा मांडून ठेवलेल्या, दुसऱ्या बाजूला मी, बनियनवर, लॅपटॉपसमोर.

पहिले काही दिवस मला काही म्हणजे काही कळलं नाही. पडद्यावरची बाई गोड आवाजात म्हणायची, "हे तर तुम्हाला आठवत असेलच." मला आठवत नव्हतं. मॅट्रिक्स नावाचे चौकोन मी तरुणपणी गुणले होते, आता ते मला ओळख दाखवत नव्हते. प्रत्येक धड्याच्या शेवटी चाचणी असे. मी नापास झालो की पडद्यावर यायचं, 'छान प्रयत्न!' पंचवीस वर्षं मी पोरांच्या पेपरांवर लाल शाईने काय काय लिहिलं होतं ते आठवून मी लॅपटॉप मिटायचो आणि घाम पुसायचो. मग मला ती निळी बॅग दिसायची. मी पुन्हा लॅपटॉप उघडायचो. मत्सराइतका चिवट शिक्षक मी दुसरा पाहिलेला नाही. तो सुट्टी देत नाही.

हळूहळू एवढं कळलं. क्यूबिट म्हणजे या संगणकाचा सगळ्यात छोटा तुकडा. पडद्यावर त्याची एक सरळ तार काढलेली असते. त्या तारेवर एक ठोकळा ठेवायचा. क्यूबिट सुरुवातीला शून्य असतो. ठोकळ्यातून गेला आणि मग मोजला, की निम्म्या वेळा शून्य, निम्म्या वेळा एक. मी केलं, तसंच आलं. म्हणजे भुईभारचं नाणं! छापा, काटा. मी अतिशय निराश झालो. हा माणूस बरोबर असेल असं मला स्वप्नातसुद्धा वाटलं नव्हतं.

त्या चिडीतच मी तारेवर तोच ठोकळा आणखी एकदा ठेवला. एकदा उडवलेलं नाणं न बघता पुन्हा उडवायचं, तसं. पुन्हा अर्धं-अर्धंच येणार. आलं ते शून्य. पुन्हा चालवलं. शून्य. पुन्हा. शून्यच. मला वाटलं इंटरनेट अडकलं. मी लॅपटॉप बंद करून चालू केला. शून्य.

दोनदा उडवलेलं नाणं दर वेळी छापाच पडत होतं.

मी जुन्या प्रश्नपत्रिकेच्या पाठीवर हिशेब मांडला. पहिल्या ठोकळ्याने एका वाटेच्या दोन वाटा होतात. दुसऱ्याने त्या दोनांच्या चार. चारांतल्या दोन शून्याकडे जातात, दोन एककडे. शून्याकडच्या दोन्ही वाटांवर अधिक चिन्ह. एककडच्या वाटांपैकी एकीवर अधिक आणि एकीवर वजा. त्या एकमेकींना खाऊन टाकतात. तिकडे जायला दोन-दोन रस्ते असतात, म्हणूनच तिकडे कोणी पोचत नाही.

मी बराच वेळ त्या वजा चिन्हाकडे बघत होतो. मग माझी नजर शेजारच्या सूक्ष्मदर्शकावर गेली. मी उठलो, दिवा लावला, डोळा लावला. पिवळी कडी, काळी कडी, पिवळी, काळी. दोन ठिकाणांहून प्रकाश येतो, एकमेकांत मिसळतो, आणि काही जागी अंधार होतो. हे मी नोकरीला लागल्यापासून दर वर्षी शिकवत होतो. सूत्र काढा, आकृती काढा, सात गुण. प्रकाशात प्रकाश मिळवला आणि अंधार झाला, यात काही आश्चर्य आहे हे मला कोणी सांगितलं नव्हतं, आणि मी कोणाला सांगितलं नव्हतं. ते वजा चिन्ह इतकी वर्षं माझ्याच खोलीत बसलं होतं.

मला ते ताबडतोब कोणाला तरी सांगायचं होतं. मी शर्ट न घालताच दारापर्यंत गेलो. आणि तिथे माझ्या लक्षात आलं की हे ऐकून जो उडी मारेल असा अख्ख्या अकोल्यात एकच माणूस आहे, आणि त्याच्या पाठीवर निळी बॅग आहे.

मी शर्ट घातला आणि बटणं लावता लावता प्रश्न तयार केला.

फेब्रुवारीत कॉलेजात क्वांटम कक्षाचं उद्घाटन झालं. कक्ष म्हणजे पूर्वीची भंगाराची खोली, रंग देऊन. पुण्याहून डॉ. ऋजुता वझे पाहुण्या आल्या होत्या. या विषयातल्या मोठ्या संशोधक, वयाने माझ्या मुलीएवढ्या. सभागृह भरलं होतं. मॅडम, सराफ सर पहिल्या रांगेत. महिला मंडळही आलं होतं, त्यात शालिनी, नवी पैठणी नेसून. भुईभारने नाणं काढलं. गरकन फिरवलं. लोकांनी श्वास रोखले. वझेबाई मोबाइल बघत होत्या.

टाळ्या थांबल्यावर मी हात वर केला.

"एक शंका होती, सर."

"विचारा ना, मानकर सर," भुईभार मोठ्या मनाने म्हणाला.

"एकदा नाणं उडवलं, अर्धं-अर्धं. मान्य. आता काय पडलं ते न बघता तेच नाणं पुन्हा उडवलं, तर?"

"तर काय, पुन्हा अर्धं-अर्धं."

"आणि क्यूबिटला तोच ठोकळा दुसऱ्यांदा लावला तर?"

"तेच."

"तेच नाही, सर. दर वेळी शून्य. एकही वेळा एक येत नाही. नाणं असं करतं का? ते का होतं, एवढंच विचारायचं होतं."

वझेबाईंनी मोबाइल खाली ठेवला. सभागृहात शांतता झाली. ही शांतता मी कित्येक दुपारी त्या भट्टीत बसून कल्पनेत ऐकली होती, आणि ती अगदी तशीच होती. भुईभारच्या हातात नाणं होतं. त्याने ते खिशात ठेवलं. मग तो काहीतरी थापा मारेल म्हणून मी पुढचा प्रश्न तयार ठेवला होता.

"मला नाही माहीत," तो म्हणाला. "तुम्हाला माहीत असेल तर या ना वर."

मी वर गेलो. विजयाची दोन वाक्यं पाठ केलेली होती. पण हातात खडू आला आणि ती गेली. मी एक वाट काढली, तिच्या दोन केल्या, दोनांच्या चार केल्या. शेवटच्या वाटेवर वजा चिन्ह काढलं तेव्हा मागच्या बाकावरून एक मुलगी मोठ्याने "अय्या!" म्हणाली. मग मी पिवळ्या आणि काळ्या कड्यांकडे वळलो. दोन प्रकाश मिळून अंधार होतो, आणि तोच अंधार हे यंत्र कामाला लावतं, नको त्या उत्तरावर पाडतं. किती वेळ बोललो कोणास ठाऊक. थांबलो तेव्हा माझ्या शर्टावर खडूच खडू होता.

"दोन प्रकाश मिळून अंधार," वझेबाई म्हणाल्या. "सर, हे वाक्य मी चोरणार आहे. नाण्यापासून आम्ही सगळेच सुरुवात करतो. पण नाणं सोडायचं कुठे, ते आज तुम्ही दाखवलंत."

मॅडम सराफ सरांच्या कानात काहीतरी बोलल्या. सराफ सरांनी माझ्याकडे पाहून मान डोलावली. मला वाळ्याचा वास आला.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी केबिनमध्ये बोलावलं.

"सर, तुम्ही इतके दिवस लपून कुठे बसला होतात?"

"अंधाऱ्या खोलीत," मी खरं ते सांगितलं. त्यांना ते फार आवडलं.

"जूनपासून क्वांटम तुमच्याकडे. कायमचं. तो कक्षही तुमचा."

"आणि विभागप्रमुखपद?"

"ते भुईभारांना देतेय. विभागप्रमुख म्हणजे काय हो, रजेचे अर्ज आणि तपासणीच्या फायली. तुमच्यासारख्या माणसाला त्यात अडकवणं म्हणजे पाप आहे."

"मॅडम, मला अडकायला हरकत नाही."

"तुम्ही भिडस्त आहात, सर. मला माहीत आहे."

"मी मध्यान्हपूर्व रुजू झालो होतो."

"सगळं लक्षात आहे माझ्या," त्या प्रेमाने म्हणाल्या आणि त्यांनी माझ्यासाठी चहा मागवला.

इतकी वर्षं मी गैरहजर राहण्यापासून स्वतःला जपलं होतं. हजर राहण्यातही धोका असतो हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

संध्याकाळी स्कूटर स्टँडवर भुईभार उभा होता. त्याने पाठीवरची बॅग काढली, डबा आणि छत्री बाहेर काढली आणि रिकामी बॅग माझ्या हँडलला अडकवली.

"घे. विषयाबरोबर जाते ही."

"अभिनंदन, साहेब."

"टोमणे मारू नको बे." तो छत्रीच्या टोकाने जमिनीवर रेघोट्या मारत होता. "तू मला पाडायला प्रश्न विचारलास, ते मागच्या बाकावरच्या पोरांनाही कळलं. त्याचं काही नाही. मला तो विषय येत नाही, मी कधी येतो म्हटलं? माझ्या गळ्यात टाकला, मी नाणं फिरवून दिवस काढले. पण तू फळ्यापाशी गेल्यावर माझ्याकडे पाहिलंच नाहीस."

"म्हणजे?"

"मी पडून तिथंच उभा होतो, आणि तू बघायला विसरलास. कोणाकडेच पाहत नव्हतास तू. मी इतक्या ठिकाणी नाणं फिरवलं, पण दर वेळी माझं लक्ष लोकांच्या तोंडाकडे. नाण्याकडे एकदाही पाहिलं नाही मी. रात्री जेवण गेलं नाही मला."

"कशाने?"

"कशाने काय विचारतोस? जळफळाटाने."

हे वाक्य भुईभारच्या तोंडून ऐकायला मी कित्येक महिने धडपडलो होतो. ते मिळालं, पण कूलरशिवाय. मी स्कूटरला किक मारली. ती पहिल्या किकला लागली नाही, त्यामुळे निघून जाण्याचा परिणाम साधला नाही.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. भंगाराच्या खोलीत मी अजून क्वांटम शिकवतो. पोरं थोडीच येतात. छताचा पत्रा तापलेला असतो, पंखा फिरतो. निळ्या बॅगेची एक चेन तुटली आहे, कॉरिडॉरमध्ये आता तिला कोणी वाट देत नाही. शालिनीला मी ते वजा चिन्ह पोळपाटावर पिठाने काढून दाखवलं. ती म्हणाली, "कळलं. पण नाणं छान होतं."

आणि दर एप्रिलमध्ये, दुपारच्या तासाला, विभागप्रमुख भुईभार घाम पुसत माझ्या वर्गात येतात आणि शेवटच्या बाकावर बसतात.

पहिल्यांदा आला तेव्हा मी विचारलं, "काय रे, कूलर बंद पडला का?"

"नाही."

"मग इथं भट्टीत कशाला आलास?"

"ते वजा चिन्ह कुठून येतं, ते पुन्हा एकदा सांग."

"मागच्या आठवड्यात स्कूटर स्टँडवर सांगितलं होतं."

"तेव्हा कळलं होतं. केबिनमध्ये गेलो आणि गेलं."

मी खडू उचलतो आणि एक वाट काढतो. तिच्या दोन करतो. कॉरिडॉरच्या त्या टोकाला केबिनचं दार तो उघडंच टाकून आलेला असतो. तिथे कूलर रिकाम्या खुर्चीला वारा घालत असतो, आणि त्याचा आवाज अगदी स्पष्ट माझ्या फळ्यापर्यंत येतो.